वाचकांचे प्रश्न : बीजिंगमधील सम्राटकालीन वारसा

भारत आणि चीन यांच्यामधील थेट विमानसेवा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाल्यापासून बीजिंगच्या सहलीविषयी विचारणा करणारी पत्रे वाढली आहेत. त्यांतील बहुतेक प्रश्न मिंग आणि छिंग या दोन घराण्यांच्या काळातील वास्तूंसंबंधी असल्यामुळे या वेळच्या सदरात केवळ तेच घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘निषिद्ध नगरी : दोन तास’ एवढीच नोंद आहे. इतका वेळ पुरतो का? पुरत नसेल, तर नेमके काय पाहायचे राहते? (एक निवृत्त शिक्षिका, ठाणे)

दोन तासांत दक्षिणेच्या दरवाजातून आत शिरून उत्तरेच्या दरवाजातून बाहेर पडता येते, इतकेच. निषिद्ध नगरी म्हणजे सम्राटांचा राजवाडा; त्याचा आवार दक्षिणोत्तर ९६१ मीटर आणि पूर्वपश्चिम ७५३ मीटर आहे. भोवती ५२ मीटर रुंदीचा खंदक आहे. मिंग घराण्याच्या योंगले सम्राटाने १४०६ मध्ये काम सुरू केले आणि ते १४२० मध्ये पुरे झाले. तेव्हापासून १९१२ पर्यंत मिंगचे चौदा आणि छिंगचे दहा असे चोवीस सम्राट येथून राज्य करीत होते. खोल्या ९,९९९ आहेत असे मार्गदर्शक हमखास सांगतात, परंतु प्रत्यक्ष मोजणीत हा आकडा ८,७०० च्या घरात भरतो.

येथे प्रवेश फक्त दक्षिणेच्या वूमन या दरवाजातून मिळतो, आणि ही सक्ती पाहणाऱ्याच्या फायद्याचीच आहे, कारण संपूर्ण रचना दक्षिणेकडून येणाऱ्या माणसासाठी केलेली आहे. सम्राट दक्षिणाभिमुख बसे; बाकीचे सगळे उत्तरेकडे तोंड करून त्याच्यासमोर येत. वूमनच्या मधल्या कमानीतून जाण्याचा अधिकार सम्राटाचा होता. सम्राज्ञीला तो आयुष्यात एकदाच, विवाहाच्या दिवशी आत येताना मिळे. आणि राजवाड्यातील अंतिम परीक्षेत पहिल्या तीन क्रमांकांनी उत्तीर्ण झालेल्या उमेदवारांना एकदाच, बाहेर पडताना. एखाद्या खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगाही केवळ परीक्षेच्या बळावर या कमानीखालून चालत जाऊ शकत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवून तेथे दोन मिनिटे थांबावे.

पुढे ताइहे, चोंगहे आणि बाओहे ही तीन सभागृहे एकाच तीन पदरी संगमरवरी चौथऱ्यावर ओळीने उभी आहेत. ताइहे सभागृहात रोजचा दरबार भरत असे हा समज चुकीचा आहे. राज्यारोहण, नववर्ष, सम्राटाचा वाढदिवस, दक्षिणायनान्ताचा म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवस, अशा मोजक्या प्रसंगीच ते उघडले जाई. त्याच्या छपराच्या कोपऱ्यांवर बसवलेल्या प्राण्यांची रांग अवश्य मोजावी. इतर इमारतींवर हे प्राणी त्यांच्या दर्जाप्रमाणे कमी-जास्त असतात. पूर्ण दहा केवळ येथे आहेत.

सहलीतील लोक नेमके पुढची गोष्ट पाहायची विसरतात. तिसऱ्या, म्हणजे बाओहे सभागृहाला वळसा घालून मागे जावे आणि उत्तरेकडच्या पायऱ्यांच्या मधोमध बसवलेली ड्रॅगन कोरलेली शिळा पाहावी. ती साडेसोळा मीटरांहून लांब, तीन मीटर रुंद आणि दीड मीटरांहून जाड असून तिचे वजन दोनशे टनांपेक्षा अधिक आहे. असे अवाढव्य दगड सुमारे ७० किलोमीटरांवरील फांगशानच्या खाणींतून हिवाळ्यात आणले जात. वाटेत ठिकठिकाणी विहिरी खणायच्या, त्यांचे पाणी रस्त्यावर ओतून गोठू द्यायचे आणि त्या बर्फावरून दगड ओढत न्यायचा, अशी ही पद्धत होती. चाकाच्या गाड्या त्या काळी चीनमध्ये होत्याच; पण एवढ्या वजनाला चाकांपेक्षा बर्फाचा भरवसा अधिक होता.

आता दोन तासांत जे हमखास राहून जाते त्याविषयी. ईशान्येच्या कोपऱ्यात, वेगळ्या दहा युआनच्या तिकिटावर, निंगशोऊ महालाचा परिसर पाहता येतो. रत्नदालन तेथेच आहे. आपले आजोबा खांगशी यांनी ६१ वर्षे राज्य केले, त्यांच्यापेक्षा अधिक काळ आपण गादीवर बसू नये म्हणून छिएनलोंग सम्राटाने १७९६ मध्ये पद सोडले, आणि त्या निवृत्तीसाठी हा महाल त्याने आधीच, १७७० च्या दशकात, बांधून घेतला होता. प्रत्यक्षात निवृत्तीनंतरही त्याने सत्ता सोडली नाही आणि तो येथे राहायलाही आला नाही. दाराशीच नऊ ड्रॅगनांची चकाकत्या खापऱ्यांची भिंत आहे. त्यांतील पांढऱ्या ड्रॅगनाच्या पोटाखालचा एक तुकडा निरखून पाहावा. तो भाजलेल्या मातीचा नसून लाकडाचा आहे. बसवताना खापरी फुटली आणि शिक्षेच्या भीतीने कारागिरांनी रातोरात लाकूड कोरून रंगवले, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचे काहीही असो, लाकूड आहे हे खरे, आणि आता रंग उडाल्याने ते ओळखूही येते. याच भागात उत्तरेला एक अगदी अरुंद तोंडाची विहीर आहे. १९०० मध्ये बॉक्सर बंडात वेढा पडलेल्या विदेशी वकिलाती सोडवण्यासाठी आठ राष्ट्रांच्या फौजा शहरात शिरल्या तेव्हा पळून जाण्यापूर्वी राजमाता त्सशीने गुआंगशू सम्राटाच्या लाडक्या राणीला, चन हिला, या विहिरीत ढकलून मारवले.

तेव्हा किमान पाच तास ठेवावेत. सहल कंपनी ऐकत नसेल, तर त्या दिवशी दुपारनंतरचा बाजारहाट गाळून स्वतःच्या जबाबदारीवर मागे राहावे. उत्तरेच्या दरवाजातून बाहेर पडल्यावर समोरच चिंगशान टेकडी आहे. खंदकाच्या खोदाईतून निघालेल्या मातीची ही टेकडी राजवाड्याच्या पाठीशी मुद्दाम उभारली आहे, आणि चढण पाऊण तासाचीही नाही. राजवाड्याची मांडणी कळते ती या माथ्यावरूनच. १६४४ मध्ये बंडखोर शहरात घुसल्यावर मिंग घराण्याच्या चोंगचन सम्राटाने याच टेकडीच्या उतारावर गळफास घेतला. ते झाड आता नाही. दाखवतात ते नंतर लावलेले आहे.

प्रश्न : छायाचित्रांत या इमारती अगदी नुकत्या रंगवल्यासारख्या दिसतात. सहाशे वर्षांपूर्वीचे म्हणून जे दाखवतात, ते खरोखर जुने आहे का, की सारे नवेच बांधलेले आहे? (एक स्थापत्य अभियंता, नाशिक)

प्रश्न रास्त आहे. मात्र ‘जुने’ या शब्दाची आपली कसोटी दगडी लेण्यांवर आणि किल्ल्यांवर घडलेली आहे, आणि ती लाकडी राजवाड्याला जशीच्या तशी लावता येत नाही. बीजिंगचा राजवाडा १४२० मध्ये पुरा झाला आणि पुढच्याच वर्षी वीज पडून तिन्ही मुख्य सभागृहे जळाली. ती पुन्हा बांधायला जवळजवळ वीस वर्षे लागली. त्यानंतर १५५७ आणि १५९७ मध्ये ती पुन्हा भस्मसात झाली. आज उभे असलेले ताइहे सभागृह १६९५ ते १६९७ या काळातील आहे. त्याच्यामागच्या चोंगहे आणि बाओहे या दोन इमारतींचा सांगाडा मात्र सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, म्हणजे मिंगकालीन आहे. एकाच चौथऱ्यावरची पुढची इमारत मागच्यांपेक्षा तरुण आहे, हे पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

प्रत्येक वेळी पुनर्बांधणी जुन्याच आराखड्यावर झाली, पण लाकूड तेच मिळाले नाही. योंगलेच्या कारागिरांनी नैऋत्येकडील सिछुआन, युन्नान, क्वेइचोऊ या प्रांतांच्या जंगलांतून नानमू जातीचे अखंड ओंडके आणले. पावसाळ्यातील पुरांबरोबर ते डोंगरांतून वाहून येत आणि नद्या व कालवा यांच्या मार्गाने राजधानीत पोहोचायला वर्षे लागत. छिंग काळापर्यंत तशी झाडे जवळजवळ संपली होती. म्हणून ताइहेच्या आजच्या बांधणीत ईशान्येकडील देवदारवर्गीय लाकडाचा आधार घ्यावा लागला. मिंग काळातील मूळ नानमूचे खांब कसे होते हे पाहायचे असेल, तर शहराबाहेर मिंग समाध्यांमधील छांगलिंग येथे जावे; त्याविषयी पुढे लिहिले आहे.

रंगाविषयी सांगायचे, तर तो दर काही दशकांनी नव्याने द्यावाच लागतो, आणि खरा कस रंगाखालच्या लेपात असतो. विटांची भुकटी, डुकराचे रक्त आणि तुंग झाडाच्या बियांचे तेल यांचे मिश्रण करून ते तागासारख्या धाग्यांच्या थरांबरोबर लाकडावर चढवतात, घासून गुळगुळीत करतात आणि मगच लाल रंग देतात. हा लेप लाकडाला ऊन, पाऊस आणि किडीपासून वाचवतो. खांबांच्या पायथ्याशी जेथे पोपडा निघाला आहे तेथे हे धागे उघडे पडलेले दिसतात. अभियंत्याने तेथे अवश्य वाकून पाहावे.

आगीच्या भीतीचाच पुरावा म्हणजे अंगणांत ठेवलेले मोठमोठे धातूचे रांजण. त्यांत पाणी भरलेले असे आणि कडाक्याच्या थंडीत ते गोठू नये म्हणून खाली विस्तव पेटवीत. काही रांजणांवर सोन्याचा मुलामा होता; त्यावरचे ओरखडे परकीय सैनिकांनी सोने खरवडल्याचे आहेत असे सांगितले जाते.

प्रश्न : सम्राटांच्या बीजिंगमध्ये भारताशी थेट नाते सांगणारे काही आहे का? (एक वाचक, सोलापूर)

आहे, आणि ते नेहमीच्या सहलींच्या वाटेवर नाही. योंगलेच्या काळात भारतातून आलेल्या एका पंडित भिक्षूने सम्राटाला बुद्धाच्या सुवर्णमूर्ती आणि बोधगयेच्या वज्रासनाचा नमुना भेट दिला, अशी नोंद आहे. त्या नमुन्यावरून बांधलेले मंदिर १४७३ मध्ये पुरे झाले. एका चौरस उंच चौथऱ्यावर पाच शिखरे असलेली ही वास्तू प्राणिसंग्रहालयाच्या मागे, नदीच्या काठी आहे. लोक तिला पाच शिखरांचे मंदिर म्हणतात आणि तिच्या आवारात आता दगडी कोरीव कामाचे संग्रहालय आहे. बोधगयेचे मंदिर पाहिलेल्याला मांडणी लगेच ओळखू येते, पण छज्जांचे तपशील पूर्णपणे चिनी आहेत. मला विचाराल, तर भारतीय प्रवाशाने एखादा बाजार वगळून येथे यावे.

दुसरे ठिकाण चिनी भिंतीच्या वाटेवर आहे. बादालिंगला जाताना लागणाऱ्या च्युयोंगक्वान खिंडीत, मंगोल युआन घराण्याच्या अखेरीस, १३४५ च्या सुमारास बांधलेली एक संगमरवरी कमान आहे. तिच्या आतल्या भिंतींवर बौद्ध धारणी, म्हणजे मंत्रपाठ, सहा लिप्यांत कोरल्या आहेत. त्यांत आपल्या नागरीची भगिनी असलेल्या रंजना लिपीतील संस्कृत आहे. शिवाय तिबेटी, फाग्स्पा, उइगुर, तांगुत आणि चिनी. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणून चालकाला आधीच सांगून ठेवावे.

तिसरी खूण कमी सुखावह आहे. १९०० मध्ये विदेशी वकिलातींचा वेढा उठवण्यासाठी आलेल्या ब्रिटिश तुकडीत रजपूत, शीख आणि पंजाबी पलटणींचा मोठा भरणा होता, आणि या तुकडीने स्वर्गमंदिराच्या आवारात तळ ठोकला होता. त्यांतील सातव्या रजपूत पलटणीच्या गदाधर सिंह यांनी परत आल्यावर हिंदीत या मोहिमेचे वर्णन लिहिले, आणि चिनी लोकांवर झालेल्या अत्याचारांविषयीची अस्वस्थता त्यांनी लपवलेली नाही.

प्रश्न : स्वर्गमंदिरात देवच नाही असे ऐकले. मग तेथे सम्राट पूजा कोणाची करीत असे? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

देवाची मूर्ती नाही, हे बरोबर. पूजा ‘स्वर्गा’ची होती, आणि ती करण्याचा अधिकार संपूर्ण साम्राज्यात एकट्या सम्राटाला होता, इतर कोणी ती केली तर तो राजद्रोह ठरे. वर्षातील सर्वांत लहान दिवशी, सूर्योदयापूर्वी, दक्षिणेकडच्या उघड्या गोल चौथऱ्यावर तो नतमस्तक होई. त्याआधी उपवास, ब्रह्मचर्य, वाद्यांचा आणि मांसाहाराचा त्याग असे नियम पाळावे लागत. या चौथऱ्यावर ना छप्पर आहे ना भिंत. वरच्या पायरीच्या मध्यभागी एक गोल दगड, त्याभोवती नऊ फरश्यांचे वलय, मग अठरा, मग सत्तावीस, अशी नऊच्या पटीत नववे वलय ८१ फरश्यांचे होते. लोक रांग लावून मधल्या दगडावर उभे राहतात आणि छायाचित्र काढून निघून जातात. त्यांनी वलये मोजायला हरकत नाही.

छायाचित्रांत दिसणारी निळ्या छपराची गोल इमारत ही या चौथऱ्याच्या उत्तरेला आहे, आणि तेथे वसंतात सुगीसाठी प्रार्थना होई. उंची ३८ मीटर. आत चार मोठे खांब चार ऋतूंचे, त्याभोवतीचे बारा महिन्यांचे आणि बाहेरचे बारा दिवसाच्या दोन-दोन तासांच्या बारा भागांचे, असे एकूण अठ्ठावीस खांब आहेत. १८८९ मध्ये वीज पडून ती जळाली. पुन्हा बांधताना एवढे मोठे ओंडके चीनमध्ये मिळेनात, म्हणून ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणावे लागले. साम्राज्याच्या सर्वांत पवित्र इमारतीचे खांब परदेशी आहेत, आणि त्या काळच्या चीनची अवस्था यापेक्षा नेमकेपणाने सांगणारे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. अखेरची पूजा १९१४ मध्ये चिनी प्रजासत्ताकाचा अध्यक्ष युआन शिकाई याने केली. तो सम्राट नव्हता. होण्याच्या खटपटीत होता.

उद्यान पहाटेपासून उघडे असते आणि स्थानिक वयस्क मंडळी व्यायाम, पत्ते, गाणी यांत रमलेली असतात. मुख्य इमारती आठच्या सुमारास उघडतात आणि सोमवारी बंद असतात. दक्षिण दरवाजातून आत शिरावे, म्हणजे आधी चौथरा आणि मग निळ्या छपराची इमारत असा क्रम राहील.

प्रश्न : एकाच दिवशी उन्हाळी राजवाडा आणि जुन्या उन्हाळी राजवाड्याचे अवशेष पाहता येतील का? वेळ कमी पडल्यास कोणता सोडावा? (एक बँक अधिकारी, पणजी)

दोन्ही शेजारी आहेत आणि मेट्रोच्या चौथ्या मार्गावर आहेत, त्यामुळे एका दिवसात होतात. सहल कंपन्या सर्रास जुना राजवाडा सोडतात. माझे मत उलट आहे. निदान भारतातून येणाऱ्याने तो सोडू नये.

युआनमिंगयुआन हे त्याचे नाव. खांगशी सम्राटाने १७०७ मध्ये आपल्या मुलासाठी या बागेची सुरुवात केली आणि छिएनलोंगच्या काळात ती साडेतीनशे हेक्टरांवर पसरली. छिंग सम्राट वर्षातील बराच काळ निषिद्ध नगरीत न राहता येथेच राहत आणि येथूनच कारभार पाहत. दुसऱ्या अफूयुद्धात, १८६० च्या ऑक्टोबरमध्ये, फ्रेंच आणि ब्रिटिश फौजांनी ती लुटली. वाटाघाटींसाठी गेलेल्या युरोपीय आणि भारतीय घोडेस्वारांच्या तुकडीला चिन्यांनी पकडले होते आणि त्यांतील जवळजवळ निम्मे कैदेत मरण पावले. याचा सूड म्हणून लॉर्ड एल्गिन याच्या हुकमाने १८ ऑक्टोबरला बाग पेटवण्यात आली. हाच एल्गिन पुढे १८६२ मध्ये भारताचा व्हाइसरॉय झाला आणि १८६३ मध्ये धर्मशाला येथे मरण पावला. ज्या अफूवरून हा वाद पेटला तिचा मोठा वाटा माळव्यातून मुंबई बंदरामार्गे चीनकडे जात असे. त्या व्यापारात मुंबईच्या ज्या पेढ्या भरभराटल्या त्यांत सर जमशेटजी जीजीभॉय यांची पेढी अग्रगण्य होती. मुंबईच्या अनेक दानशूर संस्थांच्या पायात ही संपत्ती आहे, हे येथे उभे राहून आठवल्यावाचून राहत नाही.

एक सूचना आहे. अवशेष म्हणून सगळीकडे जे छापले जातात ते पांढरे युरोपीय खांब आहेत. कास्तिल्योने आणि बनुआ या जेझुइट पाद्र्यांच्या आराखड्यांनुसार बांधलेला हा भाग बागेच्या एका कडेला, अगदी लहानशा पट्ट्यात होता. तो दगडाचा असल्यामुळे मागे उरला. बाकीचे शेकडो मंडप, वाचनालये आणि देवळे लाकडाची होती, त्यामुळे त्यांचे आता फक्त चौथरे, तळी आणि पायऱ्या दिसतात. केवळ युरोपीय खांब पाहून परतणाऱ्याच्या मनात हा राजवाडा युरोपीयच होता असा ग्रह होतो. म्हणून तळ्यांच्या काठाने अर्धा तास तरी चालावे. याच युरोपीय भागातील कारंज्यावर बारा राशिप्राण्यांची ब्राँझची मस्तके होती आणि दर दोन तासांनी त्यांपैकी एकाच्या तोंडून पाणी उडे. लुटीत ती जगभर पांगली. आतापर्यंत त्यांतील सात चीनला परत आली आहेत.

आता उन्हाळी राजवाडा. यिहयुआन या नावाने आज ओळखली जाणारी ही बाग छिएनलोंगने आपल्या आईच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त १७५० मध्ये सुरू केली. तीही १८६० मध्ये जळाली, पण त्सशीने १८८० च्या दशकात ती पुन्हा उभी केली. तीन चतुर्थांश भाग पाण्याचा आहे. ७२८ मीटर लांबीची रंगीत ओसरी, टेकडीवरचा बुद्धमनोरा आणि सतरा कमानींचा पूल हे सर्वजण पाहतात. तळ्यातील ‘संगमरवरी नौका’ पाहताना मात्र हे ध्यानात घ्यावे की तिचा फक्त तळ दगडाचा आहे. वरचा मजला लाकडाचा असून त्याला संगमरवरासारखा रंग दिला आहे. आरमारासाठी राखून ठेवलेला पैसा या बागेवर खर्च झाला आणि १८९४-९५ च्या युद्धात जपानने चीनचे आरमार बुडवले, हा आरोप त्सशीवर कायमचा चिकटला आहे. नेमकी रक्कम किती, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. तळ्याकाठी युलान नावाचा महाल आहे. गुआंगशू सम्राटाने १८९८ मध्ये हाती घेतलेल्या सुधारणा फसल्यावर त्याला तेथे स्थानबद्ध केले होते, आणि त्याच्या आतील दारे विटांनी बुजवलेली आजही दिसतात.

सकाळी लवकर उन्हाळी राजवाडा, दुपारनंतर युआनमिंगयुआन, हा क्रम ठीक पडतो.

प्रश्न : मिंग समाध्यांना जाऊन आलेले लोक ‘तळघरात काही नाही’ म्हणतात. मग जावे की न जावे? (एक डॉक्टर, नागपूर)

त्यांना तिंगलिंग येथे नेले असणार. वानली सम्राटाची ही समाधी १९५६ ते १९५८ या काळात उत्खनन करून उघडण्यात आली. सुमारे २७ मीटर खोल दालनात सम्राट आणि दोन राण्यांच्या शवपेट्या, मुकुट आणि रेशमी वस्त्रे सापडली. वस्त्रे बाहेरच्या हवेने लवकरच खराब झाली, मूळ शवपेट्या टाकून देण्यात आल्या आणि १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत ‘रेड गार्ड’ म्हणवणाऱ्या माओवादी तरुणांनी सम्राटाचे अवशेष जाळले. आज दालनात दिसतात त्या लाल पेट्या प्रतिकृती आहेत. या अनुभवानंतर कोणतीही सम्राटाची समाधी स्वतःहून खणायची नाही असे धोरण स्वीकारले गेले.

त्याऐवजी छांगलिंग पाहावी. ही खुद्द योंगलेची समाधी आहे. तिच्या पुढच्या सभागृहात नानमूचे साठ खांब आहेत. अखंड खोडांचे, न रंगवलेले, आणि मधल्यांचा व्यास एक मीटरहून अधिक. नाशिकच्या अभियंत्यांनी विचारलेला जुनेपणा तो हाच. त्यानंतर समाध्यांकडे जाणारा पवित्र मार्ग पायी चालावा. दोन्ही बाजूंना सिंह, उंट, हत्ती, घोडे असे चोवीस प्राणी आणि बारा मंत्री-सेनापती दगडात उभे आहेत. प्रत्येक प्राण्याची एक जोडी उभी आणि एक बसलेली आहे.

प्रश्न : आरक्षण, तिकिटे आणि शाकाहारी जेवण यांविषयी थोडक्यात सांगावे. (अनेक वाचक)

निषिद्ध नगरीचे तिकीट दरवाजावर मिळत नाही. ते सात दिवस आधीपासून पारपत्राच्या क्रमांकावर ऑनलाइन काढावे लागते आणि गर्दीच्या दिवसांत ते लगेच संपते. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन आणि नोव्हेंबर ते मार्च ४० युआन असा दर आहे. सार्वजनिक सुट्टी नसेल तर सोमवारी बंद. ज्या पारपत्रावर आरक्षण केले तेच सोबत हवे. छायाप्रत चालत नाही. तिआनआनमन चौकासाठी वेगळे, मोफत आरक्षण लागते आणि तपासणीच्या रांगेत तास मोडतो. चौक पाहायचा नसेल, तर पूर्वेच्या तोंगहुआ दरवाजाकडून खंदकाच्या काठाने चालत वूमनला यावे.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ चांगला, पण १ ते ७ ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी आणि मेच्या पहिल्या आठवड्यातील सुट्टी टाळावी. जानेवारीत गर्दी नसते. थंडी मात्र शून्याच्या बरीच खाली जाते. रोख पैसे घेणारे दुकानदार कमी होत चालले आहेत, म्हणून निघण्यापूर्वी फोनवरील पैसे भरण्याचे चिनी ॲप आपल्या कार्डाला जोडून ठेवावे.

शाकाहाराची अडचण भाज्यांची नसून फोडणीची आहे. भाजीत खिमा, डुकराची चरबी किंवा मांसाचा रस्सा असतो आणि सांगूनही वाढणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. ‘मांस, मासे, अंडी, चरबी, मांसाचे पाणी नको’ असे चिनीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी. योंगहेगोंग या लामा मंदिराच्या आसपास बौद्ध पद्धतीची शुद्ध शाकाहारी उपाहारगृहे आहेत. तेथे जाल तेव्हा मंदिरही पाहावे. योंगचेंग सम्राट राजपुत्र असताना येथे राहत होता, १७४४ मध्ये वाड्याचे मठात रूपांतर झाले आणि आत एकाच चंदनाच्या खोडातून कोरलेला, जमिनीवर अठरा मीटर उंच मैत्रेय उभा आहे.

प्रश्न : बीजिंगला तटबंदी होती ना? ती कोठे गेली? (एक गिर्यारोहक, सातारा)

होती, आणि ती विसाव्या शतकापर्यंत बऱ्याच अंशी शाबूत होती. १९५० आणि १९६० च्या दशकांत रस्ते आणि भुयारी रेल्वे यांसाठी ती पाडण्यात आली. वास्तुशास्त्रज्ञ लिआंग सछंग यांनी तटावर उद्यान करून तो राखावा असा आग्रह धरला होता, पण तो मानला गेला नाही. मेट्रोचा दुसरा मार्ग आज जवळजवळ त्याच रेषेवरून वर्तुळ घेतो आणि त्यावरील अनेक स्थानकांच्या नावांत पाडलेल्या वेशींची नावे आहेत. उरलेल्यांपैकी आग्नेयेचा कोपऱ्यावरचा बुरूज आणि त्याला लागून असलेला तटाचा तुकडा, उत्तरेचा तशंगमन आणि दक्षिणेचा चंगयांगमन यांना भेट देता येते.

या वेशींपैकी चंगयांगमन ज्या दक्षिणोत्तर रेषेवर उभी आहे, ती शहराची मध्यरेषा ७.८ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेच्या योंगतिंगमनपासून स्वर्गमंदिराच्या शेजारून, राजवाड्याच्या मधून आणि चिंगशानच्या माथ्यावरून ती उत्तरेच्या नगारा आणि घंटा मनोऱ्यांपर्यंत जाते. तिची आखणी कुब्लाईखानाच्या तातू नगरापासूनची, म्हणजे १२६७ पासूनची. २०२४ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या समितीने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि ती बैठक नवी दिल्लीत भरली होती. गिर्यारोहकाला आठ किलोमीटर सपाट चालणे जड जाऊ नये. सुरुवात योंगतिंगमनपासून करावी, राजवाडा आरक्षणाप्रमाणे मध्ये पाहावा आणि शेवटी नगारा मनोऱ्याच्या उभ्या, दमछाक करणाऱ्या पायऱ्या चढाव्यात. तेथे ठरावीक वेळी नगारे वाजवून दाखवतात. वेळापत्रक दारावर लावलेले असते.